मुंगी मारण्यापेक्षा तिची वाट तोडा

पिंजऱ्याला मुंग्या लागल्या की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो कीटकनाशकाच्या फवाऱ्याकडे, नाहीतर विषारी खडूकडे. दोन मिनिटांत मुंग्या निपचित पडतात आणि प्रश्न सुटला असे वाटते. तिसऱ्या दिवशी नवी रांग हजर! मग पुन्हा फवारा, पुन्हा खडू.

विद्यार्थी मित्रहो, या लेखात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. पिंजरा किंवा घरटे मुंग्यांपासून राखणे हा विषाचा प्रश्न नाही, तो वाटेचा प्रश्न आहे. कामकरी मुंगीला पंख नसतात. ती भिंत, खांब, तार, दोरी अशा कोणत्या तरी वस्तूवरून चालतच पिंजऱ्यापर्यंत येते. ही वाट शोधून काढली आणि तोडली, तर एक थेंबही विष न वापरता काम होते. वाट तोडण्याचे शास्त्र तर तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातच आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्या रानातले पोपट, मैना, मुनिया यांना पकडून पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा येथे पाळीव पक्षी म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण आता पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या वाढणारा बजरीगर किंवा तसेच इतर परदेशी पक्षी समजावेत. आपल्याकडे बजरीगरालाच पुष्कळजण ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला आणि वेगळा.

बजरीगराची मादी पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्यात अंडी घालते. सुमारे १८ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. त्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, हलता येत नाही. अंड्याला पहिला तडा गेला की आतील ओलाव्याचा वास सुटतो, आणि मुंग्यांची रांग आधीच मडक्यापर्यंत पोचलेली असेल तर त्या पिल्लाला वाचवणे कठीण होते. पुढे पिल्लू मडक्याबाहेर पडेपर्यंत आणखी महिनाभर जातो. म्हणजे दीड महिना तरी पिंजऱ्याची राखण चोख हवी.

रानात मुंग्या आणि पक्षी शेजारीच राहतात. तांबूस सुतार हा पक्षी तर झाडावरच्या मुंग्यांच्या घरट्यातच पोखरून आपले घरटे करतो. काही पक्षी मुंग्या चोचीत धरून पिसांवर घासतात. मुंगी ही पक्ष्यांची जन्माची वैरीण नव्हे. फरक एवढाच, की रानातला पक्षी घरट्याची जागा स्वतः निवडतो. पिंजऱ्याची जागा आपण निवडलेली असते आणि दारही आपणच लावलेले असते. म्हणून पिंजऱ्यातल्या पिल्लाची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.

मग विष का नको? याचे पहिले कारण पक्ष्याच्या श्वसनात आहे. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि आत घेताना व सोडताना, दोन्ही वेळा तिच्यातील प्राणवायू घेतला जातो. उडण्यासाठी ही व्यवस्था उत्तम, पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच कार्यक्षमतेने रक्तात जाते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. माणसाला काही जाणवण्यापूर्वीच कॅनरी कोसळे. १९८६ साली ही प्रथा बंद करून त्या जागी विजेवर चालणारी उपकरणे आणण्याचे ठरले. ज्या प्राण्याला आपण वायुमापक म्हणून वापरले, त्याच्याच शेजारी फवारा मारणे हे शहाणपणाचे कसे?

पूर्वी घरोघरी बीएचसीची पांढरी पूड पसरत. तिच्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. आजच्या फवाऱ्यांत आणि खडूंत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये असतात. ती पक्ष्यांना बीएचसीपेक्षा कमी घातक आहेत हे मान्य केले पाहिजे. पण फवाऱ्यात द्रावके असतात, द्रव दाबाने बाहेर फेकणारा वायू असतो, आणि बंद खोलीतून उडून जाण्याची सोय पिंजऱ्यातल्या पक्ष्याला नसते. शिवाय पक्षी दिवसभर चोचीने पिसे साफ करतो. पिसांवर बसलेला कण शेवटी पोटात जातो. विषारी खडूची गोष्ट तर आणखी वेगळी. तो हुबेहूब फळ्यावरच्या खडूसारखा दिसतो. घरात रांगणारे मूल असेल तर तो दिसेल अशा जागी ठेवूच नये.

दुसरे कारण असे, की विष मुख्य ठिकाणी लागूच पडत नाही. आपल्याला दिसते ती रांग म्हणजे वारुळातील थोड्याशा कामकरी मुंग्या. राणी, अळ्या आणि बाकीचा पसारा भिंतीच्या आत किंवा जमिनीखाली सुखरूप असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार! रांग मेली तरी वारूळ नवी रांग पाठवते.

ही रांग बनते कशी, हे समजले म्हणजे उपायही समजतो. अन्न सापडलेली मुंगी घरी परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवत एका रसायनाचा माग सोडते. १९५९ साली एडवर्ड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आगमुंगीच्या शरीरातील एक सूक्ष्म ग्रंथी काढून तिच्या रसाची रेघ ओढली. मुंग्या अन्न नसतानाही त्या रेघेवरून चालू लागल्या. अशा संदेशवाहक द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. हे द्रव्य किती थोडे पुरते पाहा. पाने कापणाऱ्या एका जातीच्या मुंगीचे मागद्रव्य एक मिलिग्रॅम असले, तरी त्याची रेघ पृथ्वीला तीन वेढे देऊ शकेल, असे विल्सन आणि त्यांचे सहकारी होल्डोब्लर यांनी लिहिले आहे. म्हणून नुसत्या कोरड्या फडक्याने मुंग्या झटकून भागत नाही. मागावर साबणाच्या पाण्याचे फडके फिरवायला हवे.

प्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या १९८५ सालच्या आठवणींच्या पुस्तकात मुंग्यांवरील प्रयोग सांगितले आहेत. खाद्यपदार्थांच्या फडताळात मुंग्या शिरल्या तेव्हा त्यांनी मुंग्यांच्या बिळाजवळ साखर ठेवली. फडताळाकडे निघालेली आणि फडताळाहून परतणारी, अशी प्रत्येक मुंगी कागदाच्या तुकड्यावर घेऊन ते त्या साखरेजवळ सोडत. हळूहळू साखर ते बीळ हा माग पक्का झाला आणि फडताळाची वाट ओस पडली. एकही मुंगी मारावी लागली नाही. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या माणसालाही मुंगीची वाट बारकाईने पाहण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष उपायाकडे वळू. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत या कामाची दोन साधने होती, शिंके आणि पाण्याची वाटी. दूध-लोणी शिंक्यावर टांगत, आणि जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे करीत. या दोन्हींमागे हिशेब आहे. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्याकडे येणाऱ्या वाटा मोजताच येत नाहीत. चार पायांच्या घोडीवर ठेवला तर वाटा फक्त चार. छताच्या कडीला एकाच तारेने टांगला तर वाट फक्त एक. वाटा जितक्या कमी, तितके रक्षण सोपे. मात्र पिंजरा भिंतीला टेकलेला नसावा, पडद्याचे टोक त्याला लागू नये, विजेची तार वरून गेलेली नसावी. एवढेसे टोक टेकले तरी मुंगीला तो पूल पुरतो. अशी पाचवी वाट शोधणे हेच यातले मुख्य काम आहे. रात्री टॉर्च घेऊन रांगेच्या मागे मागे जा, ती नेमकी सापडेल.

टांगलेल्या पिंजऱ्यासाठी शिंके आणि वाटी एकत्र करता येतात. एका लहान प्लॅस्टिकच्या पेल्याच्या तळाला मध्यभागी भोक पाडून त्यातून टांगण्याची तार ओवा. भोक मेणाने किंवा चिकटमातीसारख्या लुकणाने पक्के बुजवा. पेला पिंजऱ्याच्या वर हातभर अंतरावर राहील असा बसवा आणि पाण्याने भरा. छताकडून तारेवरून उतरणारी मुंगी पेल्यात येते आणि तिच्या चारी बाजूंना पाणी! अमेरिकेत हमिंगबर्डसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यांवर हीच युक्ती वापरतात. पेला बसवण्याआधी रात्रभर पाणी भरून तो गळत नाही याची खात्री करून घ्या.

पण नुसते पाणी नेहमी पुरते का? येथे थोडे गणित करू. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन, म्हणजेच दर मीटरला ०.०७२ न्यूटन असतो. लहान घरमुंगीचे वस्तुमान एक मिलिग्रॅम धरले, तर तिचे वजन होते सुमारे एक डाइन. म्हणजे हे वजन पेलायला १/७२ सेंटिमीटर, जवळजवळ ०.१४ मिलिमीटर लांबीची स्पर्शरेषा पुरे. मुंगीला तर सहा पाय आहेत! म्हणून स्वच्छ पाण्यावर पडलेली मुंगी सहसा बुडत नाही. पाय मारत काठाला लागते. दक्षिण अमेरिकेतील आगमुंग्या तर पुरात एकमेकींना धरून तराफा करतात आणि तरंगत राहतात. त्या तराफ्याचा अभ्यास अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केला आहे.

येथे साबणाचा थेंब उपयोगी पडतो. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तेवढेच उत्तर लिहिले तर मी पूर्ण गुण देणार नाही. ताण ३० डाइनवर आला, तरी वरच्या हिशेबाने एक डाइन वजन सहज पेलले जायला हवे. खरी गोष्ट भिजण्याची आहे. मुंगीच्या अंगावर मेणासारखा थर असतो. साधे पाणी त्याला भिजवत नाही. पृष्ठभाग दबतो आणि तिला वर उचलून धरतो. साबणामुळे स्पर्शकोन लहान होतो, पाणी पायावर चढते, अंग भिजते आणि वर उचलणारे बल नाहीसे होते. काठावरची मुंगी बहुधा मागे फिरते, पुढे आलेली बुडते. मी मुंग्यांना जीवदान देण्याचे व्रत सांगत नाही, हे यावरून ध्यानात येईल. मात्र साबणाचे पाणी पक्ष्याच्या चोचीला कधीही लागणार नाही, अशाच ठिकाणी वाटी हवी. घोडीच्या पायाखालच्या वाटीत ते चालेल. पिंजऱ्यावरच्या पेल्यात ठिबकण्याची शंका असेल तर साधेच पाणी ठेवा, आणि तारेपासून पेल्याच्या काठापर्यंत पाण्याची रुंदी दोन-तीन सेंटिमीटर राहील असा रुंद पेला घ्या. पाण्यावर पडलेले पीस, कोंडा, धुळीची साय म्हणजे आयता पूल. तो रोज काढून टाका. विदर्भातल्या मे महिन्यात तर सकाळी भरलेली उथळ वाटी संध्याकाळी कोरडी असायची!

आता या उपायातला धोकाही सांगितला पाहिजे, कारण गुण सांगून दोष लपवणे शास्त्राला शोभत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच लहान, स्वच्छ पाण्याच्या साठ्यांत अंडी घालतो. कपाटाच्या पायाखालच्या वाट्या ही त्याची आवडती जागा. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटवलेली असतात आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून चालणार नाही. आठवड्यातून एकदा वाटी रिकामी करून आतून घासली पाहिजे. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते याचसाठी. डासाची अळी श्वासनळीचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून लटकते, तीही पृष्ठताणाच्याच आधाराने. साबणाच्या पाण्यात तिलाही तो आधार मिळत नाही. तरीही घासण्याचा कंटाळा असेल त्याने पाण्याची वाटी ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्लू वाचवताना घरात डेंग्यू आणला तर रोगापेक्षा इलाज भयंकर ठरेल.

पाण्याखेरीज लोक आणखी पुष्कळ उपाय सांगतात. हळद, राख, टाल्कम पावडर, साध्या खडूची रेघ, एरंडेलाचे बोट. यांतील काहींना आधार आहे. मुंगीच्या पायाच्या टोकाला मऊ गादी असते. तिच्यावरच्या द्रवाच्या पातळ थरामुळे ती काचेवरही चालते. आंब्याच्या झाडावर पानांची घरटी करणारी लाल मुंगी गुळगुळीत पृष्ठभागाला उलटी चिकटून आपल्या वजनाच्या शंभरपटींहून जास्त भार पेलू शकते. भुकटीचे सुटे कण या गादीला चिकटतात आणि पाय घसरतो. म्हणजे येथे काम करते ती भुकटीची कोरडी, सुटी अवस्था. पावसाळी दमट हवेत ती बसली, की तोच रस्ता होतो. शिवाय बारीक पूड हवेत उडते, तेव्हा पिंजऱ्याजवळ ती नकोच. तेलाचा किंवा ग्रीसचा पट्टा घोडीच्या पायावर खाली लावावा. पिंजऱ्याच्या गजांना तेल कधीही लावू नये. तेलाने पिसे एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यात अडकलेल्या हवेची ऊब जाते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झाडू. सांडलेले राळे, फळाची फोड, उकडलेल्या अंड्याचा चुरा संध्याकाळी उचलला, तर मुंगीला येण्याचे कारणच उरत नाही.

२०१० सालापासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो आणि अनेक शाळा चिमण्यांसाठी लाकडी खोकी लावतात. खोके भिंतीला सपाट ठोकले की सगळी भिंतच मुंग्यांची वाट होते. त्याऐवजी भिंतीतून पुढे आलेल्या लोखंडी आधाराला ते तारेने अडकवा. आधाराच्या भिंतीकडील भागावर, चिमणी बसणार नाही तिथे, ग्रीसचा अरुंद पट्टा लावा. चिमणीची पिल्ले साधारण पंधरवड्यात उडतात. तेवढे दिवस तो पट्टा धुळीने झाकला जात नाही ना, हे लांबूनच पाहा. झाडावर पक्ष्याने स्वतः बांधलेल्या घरट्याला मात्र हात लावू नका. तिथे आपली मदत म्हणजे बहुधा ढवळाढवळच असते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनांत ‘मुंग्यांवर घरगुती उपाय’ असे तक्ते हमखास असतात. उपायांची यादी असते, पण ‘उपाय न करता काय झाले’ ते कुठेच नसते. तुलनेसाठी काहीच न ठेवता काढलेला निष्कर्ष म्हणजे ऐकीव गोष्टच. अशा तक्त्यांना बक्षीस देणे आपण थांबवले पाहिजे. त्याऐवजी पुढील प्रयोग करून घ्या. पाच सारख्या ताटल्या घ्या. प्रत्येकीच्या मध्यभागी एक पेला पालथा घालून त्यावर चमचाभर साखर ठेवा. पहिल्या ताटलीत काहीच नको, दुसरीत पाणी, तिसरीत साबणाचे पाणी, चौथीत पेल्याभोवती टाल्कमचे कडे, पाचवीत हळदीचे कडे. मुंग्यांच्या रांगेजवळ सर्व ताटल्या सारख्या अंतरावर मांडा. दर दहा मिनिटांनी साखरेवरच्या मुंग्या मोजून वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी ताटल्या धुऊन त्यांच्या जागांची अदलाबदल करा, कारण कालचा माग आजच्या निकालात शिरतो. असे निदान तीन दिवस करा. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी आकडे वेगळे येतात का, तेही पाहा. निकाल काय येईल ते मी येथे मुद्दाम सांगत नाही.

कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? फवारा दोन मिनिटांत काम करतो.” पण तो दोन मिनिटांचा उपाय दर आठवड्याला करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत पिंजऱ्यातला पक्षी मोजतो. वाटा एकदा नीट शोधल्या की पुढे रोजची दोन मिनिटे आणि आठवड्याची एक घासणी एवढेच काम उरते. सगळे करूनही भिंतीतल्या वारुळाचा उपद्रव थांबत नसेल, तर बंद डबीतले आमिष पिंजऱ्यापासून दूर, मोठ्या माणसांनीच ठेवावे. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आज घरी गेल्यावर पिंजऱ्याकडे येणाऱ्या वाटा मोजा. चारांहून जास्त निघाल्या, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.